‘कोणाला सांगू नका’ म्हणून सांगितलेलं कुठवर ठेवायचं?

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहात. कंपनीचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. तिकडच्या धोरणात आहे म्हणून इथेही ‘गोपनीय सल्लागार’, म्हणजे कर्मचाऱ्यांनी ज्याच्याशी खासगीत बोलावं अशी व्यक्ती हवी, असं ठरलं आणि एचआरने गेल्या वर्षी तुमचं नाव घातलं, कारण मुली तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीच्या सदस्य तुम्ही त्याआधीपासून आहातच. मागच्या महिन्यात क्वालिटीतली एक ट्रेनी मुलगी तुमच्याकडे आली. सेक्शन मॅनेजर रात्री अकरानंतर मेसेज करतो, फोटो मागतो आणि मधूनच कन्फर्मेशनचा, म्हणजे तिला नोकरीत कायम करण्याचा विषय काढतो. ‘ताई, कोणाला सांगू नका’, असं ती म्हणाली आणि तुम्ही ‘नाही सांगणार’ म्हणालात. आता महिनाअखेरीला कोण आलं, कशासाठी आलं याचा तक्ता एचआर मागतंय. सांगितलं तर विश्वासघात, नाही सांगितलं तर उद्या काही झाल्यावर ‘तुम्हाला माहीत होतं’ म्हणून तुमच्यावरच येणार. काय करायचं?

मी पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. काही कंपन्यांसाठी गोपनीय सल्लागार म्हणूनही काम बघते. एकाच कंपनीत दोन्ही मात्र कधीच घेत नाही. का ते पुढे येईलच.

तुमची अडचण ‘सांगू की नको’ याच्या आधीच सुरू झाली आहे. ती मुलगी बोलायला बसली तेव्हा तिच्यासमोर नक्की कोण बसलं होतं? खरेदीतल्या ताई, कंपनीने नेमलेली सल्लागार, की समितीची सदस्य? तिला ते ठाऊक नव्हतं, आणि तुम्हालाही कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तिघींची कर्तव्यं वेगळी आहेत. तुम्ही वचन दिलंत ते ताई म्हणून, एचआर हिशेब मागतंय सल्लागाराकडे, आणि भीती वाटतेय ती समितीच्या सदस्याला. हे तीन धागे सुटे केले की उत्तर बरंच सोपं होतं.

तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय, मुलगी सज्ञान आहे का, तिच्या जिवाला काही धोका वाटतो का, शेवटचा मेसेज कधीचा, यावर बरंच अवलंबून आहे. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी जिथे ‘जर’ म्हणेन तिथे तो खराच ‘जर’ समजा.

आधी कायद्याचं. आपल्याकडच्या कायद्याला गोपनीय सल्लागार नावाचं पद माहीतच नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो अंतर्गत समितीला ओळखतो, जिल्ह्याच्या स्थानिक समितीला ओळखतो आणि मालकाला ओळखतो. तुमचं पद युरोपातून आलेलं आहे. बेल्जियममध्ये १ डिसेंबर २०२३ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीला अशी व्यक्ती नेमणं सक्तीचं झालं. नेदरलँड्समध्येही ही पद्धत चांगली रुजलेली आहे. तिथे या व्यक्तीने आलेल्याचं ऐकून त्याच्यापुढचे रस्ते दाखवायचे, लोकांना माहिती द्यायची, आणि नावं न घेता कुठे काय बिघडतंय ते व्यवस्थापनाच्या कानावर घालायचं. चौकशी करायची नाही, समेट घडवायचा नाही, खरं-खोटं ठरवायचं नाही. बेल्जियमचा कायदा तर वरिष्ठ व्यवस्थापनातल्या माणसाला हे पद घेऊच देत नाही. आणि तिकडेही हे कवच पूर्ण नाही. नेदरलँड्समध्ये न्यायालयाने साक्षीला बोलावलं तर ‘मी गोपनीय सल्लागार आहे’ म्हणून गप्प बसता येत नाही.

आपल्याकडे आलं ते पद आलं, त्याच्या अटी विमानतळावरच राहिल्या. कॅन्टीनच्या भिंतीवर पोस्टर लागतं, त्यावर एक फोटो आणि एक्स्टेंशन नंबर असतो, बस. सल्लागाराने काय गुप्त ठेवायचं, काय ठेवता येणार नाही, त्याला नाव विचारायचा अधिकार कोणाला आहे, यातलं काही लिहिलेलं नसतं. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते तुम्हाला नाही. पोलीस किंवा न्यायालय विचारेल तेव्हा सांगावं लागेल. एचआरचं तसं नाही. तुमच्या कंपनीच्या लेखी धोरणात तशी सक्ती नसेल, तर एचआर फक्त मागतंय, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमची मुख्य भीती, ‘समितीच्या सदस्याला कळलं म्हणजे तक्रार झाली का?’ नाही. पॉशच्या कलम ९ प्रमाणे तक्रार लेखी लागते आणि ती त्या बाईने स्वतः करायची असते. तिला लिहिता येत नसेल तर समितीच्या सदस्यांनी तिला लिहायला सगळी वाजवी मदत करायची, असंही त्याच कलमात आहे. आजारपणामुळे किंवा इतर काही कारणाने तिला तक्रार करणं शक्यच नसेल, तर घटनेची माहिती असलेली दुसरी व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार देऊ शकते. म्हणजे तिच्यासारख्या प्रकरणात सगळ्या वाटा तिच्या होकारातून जातात. तुम्ही तिच्या परस्पर समितीपुढे विषय ठेवणं कायद्याला अपेक्षित नाही. चौकशी सुरू न केल्याबद्दल तुम्हाला कोणी दोषी धरू शकत नाही, कारण चौकशी सुरू करायला हातात काही आलेलंच नाही.

पण याच कलम ९ मध्ये एक गोष्ट आहे जी तुम्ही तिला सांगितली नसेल तर या आठवड्यात सांगा. मुदत तीन महिन्यांची आहे, घटनेपासून; आणि घटना एकामागोमाग एक घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून. कारणं नोंदवून समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, त्यापुढे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्रकरणात हेच धरलं. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबर २०२३ ची, म्हणून मुदतबाह्य. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्या परिचयपत्रात या निकालाचा उल्लेख कायम राहावा, असंही न्यायालयाने सांगितलं, पण तक्रार मुदतीपुढे टिकली नाही ती नाहीच. माझ्या मते सल्लागाराकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. चांगली मनमोकळी माणसं महिनोन्‌महिने ऐकत राहतात, धीर देत राहतात, आणि कॅलेंडर कोणी बघत नाही. मी पहिल्याच भेटीत शेवटच्या घटनेची तारीख विचारून घेते आणि तिच्यासमोर तीन महिने पुढची तारीख लिहिते. ‘या तारखेपर्यंत निर्णय तुझ्या हातात पूर्ण आहे, त्यानंतर तो समितीच्या मर्जीवर जाईल, आणि आणखी तीन महिन्यांनी कोणाच्याच हातात राहणार नाही.’ एवढं स्पष्ट बोलायचं. घाबरवायचं नाही, घाई करायची नाही, पण तारीख मात्र सांगायचीच.

दुसरं विचारायचं ते वय. ट्रेनी म्हणालात. डिप्लोमा झालेली असेल तर बहुधा अठरा पूर्ण असतील, पण आयटीआयची अप्रेंटिस असेल तर सतरा वर्षांचीही असू शकते. अठरा पूर्ण नसतील तर सगळा हिशेब बदलतो. तिथे पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा लागतो, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवायचं बंधन आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे तिची संमती, तुमचं वचन, कंपनीचं धोरण, काहीच आड येत नाही. कारखान्यांमध्ये हा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण युनिफॉर्म घातला की सगळी सारख्याच वयाची दिसतात.

आता वचनाचं. ‘कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य सल्लागाराने कधीच अख्खं बोलू नये. मी समोरची व्यक्ती सुरू करायच्या आधी थांबवते आणि साधारण असं म्हणते: ‘तू जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय मी एचआरला, तुझ्या साहेबांना, समितीला, कोणालाही सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र माझ्या हातात नाहीत. कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही. कोणी अठराच्या आतलं असेल तर मला कळवावंच लागेल. आणि उद्या पोलिसांनी किंवा कोर्टाने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे चालत असेल तर बोल. नाव न सांगता बोललीस तरी चालेल.’ सुरुवातीला मला वाटायचं की एवढं ऐकून लोक उठून जातील. होतं उलटंच. हद्द माहीत असली की माणूस जास्त मोकळा होतो, किंवा विचार करून पुन्हा येतो.

तुमच्याकडून हे आधी झालं नाही, त्याला इलाज आहे. तिला पुन्हा भेटा आणि सरळ सांगा, ‘तू म्हणालीस तेव्हा मी हो म्हणाले, पण माझं हो कुठवर आहे ते सांगायचं राहिलं.’ मग ते तीन अपवाद, मुदत, आणि तुम्ही समितीवरही आहात ही गोष्ट. हे शेवटचं तर आवर्जून. तिला कदाचित वाटत असेल की तुम्हाला सांगितलं म्हणजे समितीला कळलं, आता कोणीतरी काहीतरी करेल. असल्या गैरसमजात पोरी वाट बघत बसतात.

भेटायचं कुठे, हाही प्रश्न छोटा नाही. एचआरशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये नको. तिथे कोण किती वेळ बसलं ते सगळा मजला बघतो. शिफ्ट सुटल्यावर नको, कारण स्टाफ बस निघून गेली तर चाकणहून तिने घरी जायचं कसं? आणि बस चुकवून थांबली की लगेच चर्चा. मला कारखान्यात सगळ्यात चांगली जागा ओएचसी वाटते, म्हणजे कंपनीचा दवाखाना. तिथे कोणीही, कधीही, कशासाठीही जातं आणि कोणी विचारत नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलून मागची खोली अर्धा तास मिळवायची. तेही जमत नसेल तर सुट्टीच्या दिवशी फोन, पण तिच्या घरी कोणी ऐकत नाही ना, हे तिलाच विचारून.

भेटीत काय विचारायचं नाही ते सांगते, कारण विचारायचं काय ते सुचतंच. ‘आधी का नाही बोललीस?’ नको. ‘तू रिप्लाय का देत होतीस?’ तर अजिबात नको. ट्रेनी मुलगी साहेबाच्या मेसेजला रात्री साडेअकराला हसणारी इमोजी पाठवते ती खुशीने पाठवते असं समजणाऱ्याने हे काम घेऊ नये. ‘मी असते तर चप्पल काढली असती’ हेही नको. त्याने तिला वाटतं की चुकलं आपलंच.

पुराव्याचं मात्र लगेच सांगा. मेसेज डिलीट करू नकोस, नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेव, फोन बदलायचा असेल तर जुना विकू नकोस. आणि त्यातलं काहीही तुमच्या फोनवर मागवू नका. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ईमेलवर तर नकोच, आयटीवाल्यांना ते दिसू शकतं. माझ्या स्वतःच्या नोंदी कागदी वहीत असतात. नाव नसतं, भेटीची तारीख, कोणकोणते पर्याय सांगितले आणि तिने काय ठरवलं एवढंच. घटनेचं वर्णन मी लिहीत नाही. ते तिचं आहे, तिनेच लिहावं.

पर्याय सांगताना मी माझं मत शेवटपर्यंत राखून ठेवते. ती आत्ता काहीच करणार नाही, फक्त नोंद ठेवेल, हाही पर्याय आहे. स्वतः त्याला एक स्पष्ट मेसेज पाठवू शकते, ‘कामाव्यतिरिक्त मेसेज करू नका.’ समितीकडे लेखी तक्रार करू शकते. पोलिसांकडे जाऊ शकते. जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहे, आणि तिने तसं ठरवलं तर तिला मदत करणं हे पॉश कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. सेक्शन मॅनेजरऐवजी खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असती तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली असती. ‘आपसात मिटवू’ असं मध्येच कोणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा, कलम १० प्रमाणे समेट फक्त तिने मागितला तरच, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तर नाहीच. शिवाय समेट झाला की पुढची चौकशी होत नाही, हे तिला आधी कळायला हवं.

तुमच्या प्रकरणात माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा कन्फर्मेशनचा आहे. नोकरीतल्या सध्याच्या किंवा पुढच्या स्थानाबद्दल आडून दिलेली धमकी किंवा आमिष, हे कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलेलं आहे. आणि ‘ती तर ट्रेनी, कंपनीची एम्प्लॉयी कुठे?’ असं कोणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. ट्रेनी, अप्रेंटिस, कंत्राटी, रोजंदारी, प्रोबेशनवरची, सगळ्या यात येतात. तिला बहुधा वाटतंय की तक्रार केली तर हाच माणूस तिचं मूल्यांकन लिहिणार आणि संपलं. तर लेखी तक्रार झाल्यावर, चौकशी चालू असताना, तिने लेखी मागणी केली तर समिती त्याच्याकडून तिच्या कामाचा अहवाल लिहिण्याचं काम काढून दुसऱ्याकडे द्यायची शिफारस करू शकते. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा हेही आहे. ही सोय बऱ्याच जणींना माहीतच नसते, आणि माहीत झाल्यावर कित्येकींचा निर्णय बदललेला मी पाहिलाय. दुसरी भीती असते, ‘सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच कारवाई होईल.’ कलम १४ नीट वाचून दाखवा. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून कारवाई होत नाही. खोटेपणाचा हेतू चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

आता दोन खुर्च्या. समजा तिने उद्या तक्रार दिली. तुम्ही समितीवर आहात, एका बाजूचं सगळं आधीच ऐकलेलं आहे, तिला पर्याय सांगितलेले आहेत. तो मॅनेजर पहिल्याच सुनावणीत म्हणेल, या बाईंचं मत आधीच ठरलंय. आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसेल. चौकशीतल्या अशा त्रुटीची किंमत कोण मोजतं, हे मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. समितीने घाईघाईत चौकशी उरकली, समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून बडतर्फीचा आदेश रद्द झाला. तक्रारी २००९ च्या, निकाल २०२३ चा, आणि निकाल काय, तर चौकशी त्या टप्प्यापासून पुन्हा करा. चौदा वर्षांनी त्या तक्रारदारांना परत तिथेच नेऊन उभं केलं. तिथे दोष घाईचा होता, तुमच्या इथे पक्षपाताचा ठरेल, परिणाम तोच.

म्हणून तक्रार आली की त्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांना दोन ओळींचं पत्र द्या: ‘या प्रकरणात माझा आधी संबंध आलेला असल्याने मी चौकशीत बसणार नाही.’ संबंध काय आला ते लिहायची गरज नाही. आजच असं पत्र देऊ नका, नाहीतर ‘कुठलं प्रकरण?’ म्हणून शोधाशोध सुरू होईल. तुम्ही बाजूला झाल्यावर चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य उरतात ना, तेवढं बघून ठेवा. लांबचं बघितलं तर दोन्हीपैकी एक पद सोडा. माझा कल समिती सोडण्याकडे आहे. समितीला बसवायला दुसरी माणसं मिळतील. मुली आपणहून ज्यांच्याकडे येतात अशी माणसं कंपनीत एक-दोनच असतात. यावर मतभेद आहेत. ६०-७० लोकांच्या कारखान्यात एवढे वेगळे हात आणायचे कुठून, असं छोटे उद्योजक मला नेहमी सुनावतात, आणि त्यात तथ्य आहे. तिथे मी बाहेरचा सल्लागार घ्या म्हणते. एमआयडीसीतल्या शेजारच्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक घेतला तरी चालतो. तुमची कंपनी एवढी छोटी दिसत नाही.

राहिला एचआरचा तक्ता. एचआरवर मी लगेच संशय घेत नाही. कधी कधी खरंच मुख्यालयाला अहवाल हवा असतो आणि कोणीतरी एक्सेलमध्ये ‘नाव’ हा रकाना विचार न करता टाकलेला असतो. पण तो रकाना भरायचा नाही. एकदा कंपनीला नाव कळलं की ते विसरता येत नाही, आणि ती मुलगी काही ठरवायच्या आधीच कोणीतरी मॅनेजरला ‘जरा जपून’ म्हणून सांगून मोकळं होतं. तक्रार दाखल झाल्यावर कलम १६ प्रमाणे तिची ओळख, तक्रारीतला मजकूर, चौकशी, सगळं गुप्त ठेवायचं बंधन येतं. तक्रारीच्या आधी मात्र तिचं रक्षण करायला तुमचा शब्द आणि कंपनीचं धोरण एवढंच आहे. तेव्हा या टप्प्यावर तुम्ही जास्त कडक राहायला हवं.

एचआरला काय द्यायचं? मासिक नको, तिमाही द्या, म्हणजे ‘मागच्या आठवड्यात कोण ओएचसीत गेलं होतं’ असं जुळवता येणार नाही. किती जण आले, ढोबळ विषय काय, एवढंच. विभागाचं नाव तिथे बऱ्याच बायका असतील तरच. क्वालिटीत तीनच मुली असतील तर ‘क्वालिटी’ हा शब्द म्हणजे नावच झालं. त्याऐवजी प्रकार सांगा आणि त्यावर उपाय सुचवा. ‘कामाच्या वेळेबाहेर वरिष्ठांकडून ट्रेनींना खासगी मेसेज जातात असं कानावर येतं. सर्व विभागांतल्या ट्रेनींचं मूल्यांकन एकाच माणसाऐवजी दोघांनी करावं.’ मी एका ठिकाणी नेमकं हेच सुचवलं होतं. भोसरीतला कारखाना होता. ज्या बाईंमुळे सुचवलं त्यांना तक्रार करायचीच नव्हती, फक्त त्या सुपरवायझरच्या पेनातून सुटायचं होतं. प्लांट हेडने पद्धत सगळ्यांसाठी बदलली आणि कोणासाठी बदलली ते कोणालाच कळलं नाही. नेहमी असं जमतं असं नाही. त्या सुपरवायझरला धडा मिळाला का? नाही मिळाला, आणि ते मला अजून खटकतं. पण धडा शिकवण्यासाठी त्या बाईंना पुढे ढकलणं माझ्या कामात बसत नव्हतं.

एचआरला उत्तर तोंडी नको, ईमेलनेच द्या, भांडणाचा सूर न लावता: ‘या पदाचं काम व्यक्तीची ओळख गुप्त ठेवण्याच्या अटीवर चालतं. नावं आणि ओळख पटेल असा तपशील देणं शक्य नाही. तिमाही संख्या आणि सूचना देईन.’ सोबत मुख्यालयाच्या धोरणाची प्रत मागवा. नेदरलँड्सच्या कंपनीच्या धोरणात या पदाबद्दल नावं न मागण्याचं काहीतरी लिहिलेलं असण्याची शक्यता चांगली आहे, आणि मग पुण्याच्या एचआरला तुमच्याशी वाद घालायला जागा उरत नाही. नसेल लिहिलेलं, तर नेमणूकपत्र नव्याने मागा. त्यात नावं मागितली जाणार नाहीत, या कामामुळे तुमच्या बढतीवर परिणाम होणार नाही, गरज पडल्यास थेट प्लांट हेडशी बोलता येईल, आणि कामाच्या वेळेत यासाठी वेळ मिळेल, या चार गोष्टी असाव्यात. हे देत नसतील तर पद परत करा. पोस्टरवरचा फोटोही उतरवायला लावा, नाहीतर लोक येतच राहतील.

दोन गोष्टी पटकन. तो मॅनेजर स्वतः तुमच्याकडे ‘काही ऐकलंत का माझ्याबद्दल?’ म्हणून आला, तर ‘कोण येतं आणि कोण नाही याबद्दल मी कोणाशीच बोलत नाही’ हे एकच वाक्य. ‘नाही, काही नाही’ असंही म्हणायचं नाही, कारण ते खोटं ठरेल. आणि पुरुष कर्मचारी आले तर त्यांना परतवू नका. पॉश कायद्याखाली तक्रार फक्त बाईला करता येते, पण शिवीगाळ, जातीवरून टोमणे, सुपरवायझरची दादागिरी हे सगळं तुमच्याकडे येणार. प्रत्येकाची वाट वेगळी आहे, ती माहीत करून घ्या.

तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की झोप लागत नाही. त्या मुलीचं नाव-गाव न सांगता दुसऱ्या कंपनीतल्या अशाच कामातल्या कोणाशी बोला. नाहीच कोणी, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात. तिलाही तो द्या.

तेव्हा क्रम असा धरा: आधी तिला भेटून वय, शेवटच्या मेसेजची तारीख आणि तुमच्या वचनाची हद्द, मग तिला विचार करायला वेळ, मधल्या काळात एचआरला ईमेल. ती ‘मला काही करायचं नाही’ म्हणाली तर मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी एकदाच विचारा, ‘अजून तेच ठरलंय का?’ तेव्हाही ‘हो’ म्हणाली तर विषय तिथेच ठेवा. मेसेज पुन्हा सुरू झाले तर मुदत नव्या घटनेपासून मोजली जाते, हे तिला माहीत असू द्या. आणि तुमच्या नेमणूकपत्रातल्या ओळी कंपनीचं नाव खोडून पाठवल्यात, तर त्यातलं काय बदलून मागायचं ते मी बघून सांगेन.